प्रायमरी लांबली की पक्षाची माती होते का?

टिपकागद (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्याकडे भिशी होती. २०२८ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट पक्षातून डझनभर तरी इच्छुक उतरणार, असा विषय निघाला. एका मित्राने ताट बाजूला सारून निकाल दिला: "आत्ताच बसून एक नाव ठरवा, नाहीतर वर्षभर एकमेकांचे कपडे फाडतील आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत उघडे पडतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात पुरणपोळी होती, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. म्हणून हा धागा.

२००८ साली मी इंडियानात होतो. ग्रीन कार्ड हातात, मताचा अधिकार नाही. इंडियाना म्हणजे डेमोक्रॅटांनी सोडून दिलेलं राज्य. १९६४ नंतर अध्यक्षपदासाठी त्यांना तिथून एकदाही कौल मिळाला नव्हता. २००४ ला बुश वीसेक टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं राज्यातलं मतदान) थेट मे महिन्यात, म्हणजे पंगती उठल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखी. तोवर उमेदवार ठरलेला असायचा. कोण येतंय प्रचाराला?

पण त्या वर्षी काही केल्या ठरेना. ३ जानेवारीला आयोवा ओबामांनी घेतलं, पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर हिलरींनी. ५ फेब्रुवारीच्या सुपर ट्यूजडेला वीसहून जास्त राज्यांत मतदान झालं तरी निकाल नाही. मग ओबामांनी ओळीने अकरा लढती मारल्या. आता संपलं म्हणावं तर ४ मार्चला हिलरी ओहायो घेऊन उभ्या, २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनिया. असं करत वरात आमच्या दारात आली.

घराजवळच्या दुकानांच्या रांगेत गालिच्यांचं एक दुकान बंद पडलं होतं. मार्चमध्ये त्याच्या काचेवर ओबामांची पोस्टरं लागली. आत घडीची टेबलं, भिंतीवर काउंटीचा नकाशा, फरशीला जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटलेले. सत्तरीच्या एक बाई दारापाशी याद्या घेऊन बसायच्या. दार ठोठावून आल्यावर प्रत्येक नावापुढे १ ते ५ पैकी आकडा टाकायचा. १ म्हणजे पक्का आपला, ५ म्हणजे पक्का समोरचा. खरा जीव ३ वाल्यांत, त्यांच्याकडे पुन्हा जायचं. मत नसलं तरी स्वयंसेवक व्हायला ग्रीन कार्डवाल्याला आडकाठी नाही, म्हणून मी शनिवारी फोन करायला जाऊन बसायचो. माझा उच्चार ऐकून दोघांनी तरी मला क्रेडिट कार्ड विकणारा समजून फोन आपटला.

६ मेच्या रात्री लेक काउंटीची मोजणी येईना म्हणून सगळा देश आमच्याकडे बघत बसला होता. शेवटी ओबामा इंडियाना हरले, साडेबारा लाखांहून जास्त मतांत जेमतेम १४ हजारांनी. आणि नोव्हेंबरात? तेच दुकान, त्याच बाई, त्याच याद्या, आणि ओबामा २८ हजार मतांनी राज्य जिंकले. चव्वेचाळीस वर्षांनी.

मामला फेब्रुवारीत मिटला असता तर मार्चमध्ये ते दुकान उघडलं नसतं. मित्राला हे सांगायचं होतं. तुमचं काय मत?

---

गवती चहा

पहिला नंबर! धागा छान, पण एका गालिच्याच्या दुकानावर सिद्धांत उभा करताय राव.

१९८० आठवा. विद्यमान अध्यक्ष कार्टर, आणि त्यांच्याच पक्षातून टेड केनेडी आडवे. मार्चमध्ये न्यूयॉर्क केनेडींकडे गेलं, जूनमध्ये कॅलिफोर्निया गेलं, आकडे कार्टर यांच्या बाजूने असूनही केनेडी थांबेनात. भांडण ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत ओढलं. प्रतिनिधींना (प्रायमरीच्या निकालानुसार अधिवेशनात उमेदवार निवडणारे) बांधिलकीतून मोकळं करा, अशी मागणी तिथे केली, तीही हरले. शेवटच्या रात्री सगळे नेते व्यासपीठावर, कार्टर वाट बघतायत की केनेडी येतील आणि हात धरून उंचावतील. ते आले उशिरा, हस्तांदोलन केलं आणि बाजूला सरकले. टीव्हीवर देशाने बघितलं, स्वतःच्या पक्षाच्या माणसाकडे हात मागणारा अध्यक्ष. नोव्हेंबरात इलेक्टोरल मतं (राज्य जिंकून मिळणारी) रेगन ४८९, कार्टर ४९.

त्याआधी चार वर्षं हाच प्रयोग रिपब्लिकनांनी केला होता. फोर्ड आणि रेगन, कॅन्सस सिटीत ११८७ विरुद्ध १०७० अशी मतमोजणी होऊन फोर्ड कसेबसे उमेदवार. आणि पुढे कार्टर यांच्याकडून पराभव.

---

टिपकागद

गवती चहा, कोंबडं आरवतं म्हणून उजाडत नाही हो. तेहरानमधले ओलीस नोव्हेंबर १९७९ पासून अडकलेले, महागाई भडकलेली, पेट्रोलसाठी रांगा लागून गेलेल्या. अध्यक्ष आधीच घसरला होता म्हणून केनेडींना उभं राहायचं धाडस झालं. वॉटरगेट आणि निक्सनना दिलेली माफी मानेवर नसती तर फोर्ड यांना रेगननी आव्हान दिलं असतं का? आजारी माणसाकडे डॉक्टर जास्त येतात, त्यावरून डॉक्टरांनी मारलं असं ठरत नाही.

---

गवती चहा

मान्य. पण डॉक्टरांपैकी एकाने नळी काढलीच नाही असंही म्हणता येत नाही. (हलकेच घ्या.)

---

हळद्या सांगलीचा

मला अमेरिकेतलं फार कळत नाही, पण एक शंका. आमच्याकडे तिकीट कापलं की दुसऱ्या दिवशी माणूस अपक्ष अर्ज भरतो. २०२४ ला सांगलीत काय झालं सगळ्यांना माहीत आहे. जागा वाटपात दुसऱ्या पक्षाला गेली, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडूनही आले. मग तिकडे हरलेला बंडखोरी का करत नाही? एवढी सभ्य माणसं आहेत का?

---

आकडेमोड्या

@हळद्या, सभ्यता वगैरे काही नाही, कायदा आहे. बहुतेक राज्यांत प्रायमरीत हरलेल्याला त्याच वर्षी त्याच पदासाठी मतपत्रिकेवर अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाकडून येता येत नाही. जिथे ती आडकाठी नाही किंवा पळवाट आहे तिथे तुमचं सांगली लगेच होतं. कनेटिकटमध्ये २००६ ला सिनेटर जो लीबरमन स्वतःच्याच पक्षाची प्रायमरी नेड लॅमाँट यांच्याकडून हरले, अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. अलास्कात २०१० ला लिसा मर्कोव्स्की प्रायमरी हरल्या. मतपत्रिकेवर नाव नाही, तर लोकांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडून दिलं. आडनावाचं स्पेलिंग लोकांना शिकवणं हाच प्रचार होता. न्यूयॉर्कच्या महापौरपदाचं २०२५ चं तर ताजं आहे. जूनमध्ये ममदानींनी क्युओमोंना हरवलं, नोव्हेंबरात क्युओमो पुन्हा समोर, आणि ममदानी पुन्हा जिंकले.

आता मूळ मुद्दा. २००८ ची लढत लांबली ती दोघे हट्टी होते म्हणून कमी आणि नियमांमुळे जास्त. डेमोक्रॅटांकडे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतात. पुढे गेलेला फार पुढे जात नाही आणि मागचा फार मागे पडत नाही. रिपब्लिकनांकडे तेव्हा बऱ्याच राज्यांत जिंकेल त्याला सगळे. म्हणून त्यांचे उमेदवार मॅकेन ४ मार्चलाच मोकळे झाले.

एक गंमत बघा. सुपर ट्यूजडेला हिलरींनी न्यू जर्सी जिंकलं, केवढं मोठं राज्य. पदरात ५९, ओबामांना ४८, म्हणजे आघाडी ११ ची. त्याच रात्री आयडाहोत ओबामांना १५ आणि हिलरींना ३. आघाडी १२. बटाटे पिकवणाऱ्या, १९६४ नंतर नोव्हेंबरात डेमोक्रॅटांना कधी न मिळालेल्या राज्याने न्यू जर्सी फेडून टाकलं. हिलरींच्या लोकांनी आयडाहोकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

---

निशिगंधा

टिपकागद, दुकानाचं वर्णन आवडलं. पण लांबण्यातला खरा धोका तुम्ही टाळलात. घरातलं भांडण शेजारी ऐकत असतो.

१९८८ मध्ये न्यूयॉर्क प्रायमरीच्या आधी एका वादचर्चेत अल गोर यांनी आपल्याच पक्षाचे डुकाकिस यांना टोचलं, की तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मठेपेच्या कैद्यांनाही सुट्टीवर सोडतात, त्याचं काय? गोर पुढे गळाले. पण समोरचे रिपब्लिकन उमेदवार थोरले बुश यांच्या माणसांनी तो धागा उचलला, खणून काढला आणि सुट्टीवर असताना गुन्हा केलेल्या एका कैद्याचा चेहरा त्यांच्या समर्थक गटाच्या जाहिरातीने देशभर फिरवला. डुकाकिस त्यातून वर आलेच नाहीत.

२०१२ ला रिपब्लिकनांनी स्वतःचंच करून घेतलं. रॉम्नींच्या बेन कॅपिटल कंपनीला गिधाडांचा धंदा म्हणणारे रिक पेरी होते, ओबामा नव्हे. गिंग्रिच यांच्या बाजूनेही तोच मारा. उन्हाळ्यात ओबामांच्या जाहिराती आल्या त्या याच विषयावर. शस्त्र घरातूनच गेलं.

---

टिपकागद

निशिगंधाताई, यावर मी थोडा अडखळलो, खरं सांगतो.

पण त्याची दुसरी बाजू २००८ मध्येच आहे. ओबामांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या वादग्रस्त प्रवचनांच्या चित्रफिती मार्चमध्ये बाहेर आल्या. आमच्या दुकानात त्या दिवशी कुणी फोन करायला तयार नव्हतं. १८ मार्चला फिलाडेल्फियात ओबामांनी वंशाच्या प्रश्नावर भाषण केलं, एप्रिलअखेर राइट पुन्हा बोलले, मग ओबामांनी संबंध तोडले. दोन महिने रोज तेच. ऑक्टोबरात हा विषय कुणाला नवा राहिला नव्हता, आणि मॅकेन यांनी स्वतःही तो उचलायला नकार दिला. हीच फीत २० ऑक्टोबरला पहिल्यांदा आली असती तर?

गोवर लहानपणी निघालेला बरा, असं आमची आजी म्हणायची.

---

मिशिगनकर

उशिरा आलो. २००८ मध्ये आमच्या मिशिगनने काय पराक्रम केला तो कुणी लिहिलाच नाही. पक्षाचा नियम मोडून आम्ही आणि फ्लोरिडाने प्रायमरी आधी घेतली, म्हणून प्रतिनिधींची मतंच रद्द झाली. ओबामांचं नाव तर आमच्या मतपत्रिकेवर नव्हतंच. पुढे ३१ मेला पक्षाच्या नियम समितीची बैठक झाली, आरडाओरडा झाला आणि प्रत्येक प्रतिनिधीला अर्धं मत असा तोडगा निघाला. इथल्या लोकांना लढत लांबल्याचा राग नव्हता. आमचं मत मोजलं नाही याचा होता. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता घरचं उदाहरण. बेळगावचे श्री ठाणेदार. २०१८ ला गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले, पदरचे लाखो डॉलर ओतले, आणि तिसरे आले. व्हिटमर जिंकल्या. आमच्या महाराष्ट्र मंडळात त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता, अर्धे लोक म्हणत "आपला माणूस", अर्धे म्हणत "पैसे उडवतोय". त्या भांडणाचा व्हिटमर यांना नोव्हेंबरात काडीचाही तोटा झाला नाही, आरामात निवडून आल्या. मग २०२२ ला डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात ऑगस्टच्या प्रायमरीत नऊ जण. ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. तिथे नोव्हेंबर म्हणजे औपचारिकता, त्यामुळे ते काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, पोचले. पण डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय मतदारांना कित्येक दशकांत पहिल्यांदा आपल्यातला खासदार उरला नाही, आणि ती सल आजही ऐकू येते. आपला माणूस म्हणून आनंद झाला, पण त्यांचं म्हणणंही पटतं. तिथे लढत लांबली नव्हती, फाटली होती.

---

खारी बटर

+१ मिशिगनकर.

पण २०१६ ला कुणी हातच लावत नाही? सँडर्स जुलैपर्यंत थांबले नाहीत. १२ जुलैला पाठिंबा दिला, दहा दिवसांनी पक्ष कार्यालयाचे ईमेल फुटले आणि अधिवेशनाच्या तोंडावर पक्षाध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. सँडर्सना मत दिलेल्यांपैकी साधारण १२ टक्के ट्रम्पकडे गेले असं नंतरच्या मोठ्या सर्वेक्षणात दिसलं. तुमच्या मिशिगनमध्ये ट्रम्प किती मतांनी जिंकले? १०,७०४. आणि तिथली प्रायमरी सँडर्सनीच जिंकली होती. हिशेब सोपा आहे.

---

आकडेमोड्या

सोपा वाटतो, पण नाही. २००८ ला हिलरींना मत देऊन नंतर मॅकेनकडे गेलेल्यांचं प्रमाण त्याहून जास्तच होतं. तरी ओबामा ३६५ इलेक्टोरल मतं मिळवून जिंकले. शिवाय २०१६ ची रिपब्लिकन प्रायमरी काय भजन होती का? क्रूझ यांनी क्लीव्हलंडच्या अधिवेशनात व्यासपीठावर उभं राहून ट्रम्प यांचं नाव घेऊन पाठिंबा द्यायचं टाळलं, लोकांनी हुर्यो उडवली. ट्रम्प जिंकले. एकाच वर्षी दोन्ही घरांत भांडण असेल तर भांडणावर पराभव कसा लावणार?

यावर एक डोकेबाज अभ्यास झालेला आहे. दक्षिणेतल्या काही राज्यांत प्रायमरीत कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. आता एका ठिकाणी पहिल्याला निम्म्याहून जरा जास्त पडली, दुसऱ्या ठिकाणी जरा कमी. उमेदवार, पक्ष, हवा जवळपास सारखीच. फरक एवढाच की एकाला भांडण आणखी काही आठवडे ओढावं लागलं. म्हणजे टिपकागद यांच्या कोंबड्याचा प्रश्न सुटतो. निष्कर्ष: प्रतिनिधीगृह आणि सिनेटच्या जागांवर ओढलेल्या पक्षाची मतं सरासरी ६ ते ९ टक्क्यांनी घटली. राज्यांच्या विधिमंडळात मात्र नुकसान नाही, उलट थोडा फायदाच, कारण तिथे उमेदवाराला कुणी ओळखतच नसतं. भांडणामुळे निदान नाव कळतं.

अर्थात टेक्साससारखं राज्य असेल तर सगळं माफ. २०१२ ला टेड क्रूझ तसंच दुसरं मतदान करून आले आणि सिनेटवर सहज गेले.

---

टिपकागद

हा अभ्यास मला अडचणीचा आहे, कबूल. पण शेवटचं वाक्य परत वाचतो: "नाव कळतं." २००८ च्या जानेवारीत इंडियानात ओबामा हे नाव किती जणांना धड उच्चारता येत होतं? हिलरींना सगळे ओळखत होते, त्यांना लांबण्याचा काय उपयोग? अनोळखी माणसाला लांब लढत पुरते, ओळखीच्याला ती झिजवते. कार्टर, फोर्ड दोघे खुर्चीवर बसलेले होते हे विसरू नका.

---

निशिगंधा

आता जमलं. यात अजून एक घालते. शेवट कसा होतो ते बघा.

२००८ ला ३ जूनला ओबामांचा प्रतिनिधींचा आकडा पूर्ण झाला. ७ जूनला हिलरींनी माघार घेतली. २७ जूनला दोघे एकत्र सभेला उभे राहिले ते न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या खेड्यात. नावासाठी निवडलं असं वाटेल, पण जानेवारीत त्या गावात दोघांना अगदी सारखी मतं पडली होती, १०७ आणि १०७. मग पैशाची बाजू. हिलरींच्या मोहिमेवर दोन कोटी डॉलरच्या वर कर्ज होतं. ते फेडायला ओबामांनी स्वतःच्या देणगीदारांना साकडं घातलं. आणि २७ ऑगस्टला डेन्व्हरमध्ये राज्यवार मोजणी चालू असताना न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा हिलरींनीच उठून मोजणी थांबवायची आणि ओबामांना एकमुखाने उमेदवार करायची सूचना मांडली. नंतर परराष्ट्रमंत्रीपद.

गवती चहा यांनी सांगितलेलं १९८० चं हस्तांदोलन याच्याशेजारी ठेवा. लांबी जवळपास तेवढीच.

---

गवती चहा

कर्ज फेडायचं माहीत नव्हतं! थोडक्यात, वधूपक्षाचा खर्च वरपक्षाने उचलला.

पण एक सांगा, २०२४ ला तर भांडणच झालं नाही. बायडेन २१ जुलैला हटले, ऑगस्टमध्ये कमला हॅरिस बिनविरोध. टिपकागद यांच्या मित्राचं स्वप्नच. आणि?

---

खारी बटर

आणि काय, सगळं गेलं. पण हॅरिसना जेमतेम शंभर दिवस मिळाले हे त्याचं कारण आहे, प्रायमरी झाली नाही हे नाही.

---

मिशिगनकर

दोन्ही एकच नाही का? इथे कित्येक लोक म्हणायचे, "आम्हाला कुणी विचारलंच नाही." २००८ ला अर्ध्या मताबद्दल भांडणारी हीच माणसं. १९६८ ला हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोत उमेदवार झाले, बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या चालू होत्या. त्यानंतर तर पक्षाला नियम बदलून प्रायमरींच्या हाती उमेदवारी द्यावी लागली. कमला यांचा दोष नाही, पण वरून आलेलं नाव पचायला जड जातं.

---

हळद्या सांगलीचा

आमच्याकडे सगळी नावं वरूनच येतात, पचवायची सवय आहे. ;)

टिपकागद, त्या दुकानातल्या बाईंचं पुढे काय झालं?

---

टिपकागद

माहीत नाही. २००९ मध्ये एकदा किराणा घेताना भेटल्या, नात्यागोत्याची चौकशी केल्यासारखं विचारलं, "नागरिकत्व कधी?" मी म्हटलं चालू आहे. त्या म्हणाल्या, झालं की सांग, तुझ्या नावापुढे आकडा टाकायचा राहिलाय.

२०११ ला शपथ घेतली. २०१२ ला ओबामांना पक्षात आव्हान नव्हतं, प्रायमरी नावापुरती झाली, आणि मोहिमेने इंडियाना सोडून दिलं. राज्य रॉम्नींकडे गेलं. त्या दुकानात तोवर गाद्यांचा सेल लागला होता. आयुष्यातलं पहिलं मत मी त्या वर्षी दिलं, आणि सबंध ऑक्टोबरात आमचं दार एकदाही कुणी ठोठावलं नाही.